सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर

सोलापूरच्या आमच्या जुन्या मित्रमंडळींत दहा दिवस झाले, एका वहीवरून भांडण चाललंय. दुसरीतल्या एका मुलीला बाईंनी ‘सत्तेचाळीस’ सांगितलं, तिनं ७४ लिहिलं. वर लाल फुली आणि खाली शेरा: ‘लक्ष नाही. दहा वेळा लिही.’ निम्मे म्हणतात, बरोबरच केलं, आपणही असंच शिकलो. निम्मे म्हणतात, लहान लेकरू आहे, द्या की मार्क. इतक्या वादावादीत तिला एकानंही विचारलेलं नाही की बाळ, हे तू कसं लिहिलंस?

शब्द नीट ऐका. सत्ते, मग चाळीस. कानावर पडलं त्या क्रमानं लिहिलं की ७४च येणार. लक्ष नसतं तर भलतंच काहीतरी आलं असतं. त्यातून मुलगी शहराच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू. तिथं हाच आकडा ‘नलभै एडु’, म्हणजे चाळीस आधी, सात मागून. कन्नड घरात ‘नलवत्तेळु’, क्रम तोच. ऐकलं तसं डावीकडून उजवीकडे लिहायचं हा नियम या मुलांना घरच्या भाषेत अचूक उत्तर देतो. मराठीत तोच नियम तोंडावर पाडतो.

जर्मनमध्येही सात आधी: ‘झीबनउंटफिर्त्सिश’. इथं जर्मनीत दुसरीच्या वर्गात हा घोळ इतका नेहमीचा की त्याला नावच आहे, त्सालेनड्रेअर, म्हणजे आकड्यांची अदलाबदल. दशक आधी बोलायची मुभा द्या म्हणणारी एक संघटनाही २००४ पासून आहे. नॉर्वेनं तर १९५१ सालीच अधिकृतपणे क्रम बदलला. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या सोबतीला ‘वीस एक’ आलं, तेव्हा काय झालं? गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर अडचण समजावून सांगत होत्या आणि विधानसभेत आडनावांवर कोट्या चालल्या होत्या. माझ्या मते सत्तेचाळीस जाऊ नये, तो शब्द गोड आहे. पण अवघड आहे हे मान्य करायला काय जातं?

आता ‘दहा वेळा लिही’बद्दल. पोर काय करतं? आधी वरून खाली दहा चार काढतं, मग शेजारी दहा सात. दोन मिनिटांत पान भरतं, ‘सत्तेचाळीस’ हा शब्द एकदाही कानावर पडत नाही. दुसऱ्या दिवशी ‘अडुसष्ट’ सांगा, ८६ तयार.

त्याऐवजी पाच आकडे सांगून लिहून घ्यावेत: सत्तेचाळीस, पंचवीस, बावन्न, एकोणचाळीस, चौऱ्याहत्तर. चव्वेचाळीस, तेहेतीस नकोत, ते उलटे लिहिले तरी बरोबरच दिसतात. मग चुकीची जात ओळखायची. ७४, ५२, २५ अशी अदलाबदल असेल तर घोळ क्रमाचा. दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या आणि सात सुट्या काड्या ठेवायच्या, मुलानं आधी जुड्या मोजून दशकाच्या घरात ४ लिहायचे, सुट्या नंतर. (दर हजारामागे मजुरी घेऊन विड्या वळणाऱ्या घरातल्या मुलाला बंडल म्हणजे काय हे आपण शिकवायची गरज नाही.) उत्तर ४०७ आलं तर स्थानिक किमतीचा घोळ. ४०चं कार्ड घ्यायचं आणि त्यातल्या शून्यावर ७चं कार्ड ठेवायचं, शून्य झाकलं गेलं की पुरे. एकोणचाळीसचे ४९ झाले तर मुलानं ‘चाळीस’ आणि ‘नऊ’ हे दोन्ही धरलेत. त्याला संख्यारेषेवर चाळीसवर उभं करून एक पाऊल मागं न्यायचं. एकोणनव्वदपर्यंत ही युक्ती चालते, नव्व्याण्णवला दगा देते, तेही आधीच सांगून टाकावं.

तिन्हींना उपाय वेगळे, फुली मात्र एकच. आणि मार्क देऊन टाका म्हणणारेही फुली मारणाऱ्यांइतकेच आळशी.

इथली एक गोष्ट मला फार आवडते, फोल्गेफेलर, म्हणजे आधीच्या चुकीतून आलेली चूक. पहिल्या पायरीला ४७चे ७४ झाले, पण पुढची बेरीज ७४ धरून बरोबर केली, तर मार्क एकदाच कापायचे. सोलापुरात हे करायला पैसा लागत नाही. पासष्ट मुलांचा वर्ग इथल्या एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, येणाऱ्यांनी पाहिलेला नसतो, हे मला ठाऊक आहे. पण पाच आकड्यांना दहा मिनिटं पुरतात.

इथं सगळं सरळ आहे असंही नाही. चौथीच्या शिफारशीत गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, की आणखी काही हे सांगितलं जातं, तेव्हा डेअर-डी-डासची, म्हणजे नामांच्या लिंगाची, चूक कुणाच्या घरून आली हे शिक्षिका पटकन ओळखतात, आणि ओळखून तिथंच थांबतात. आपण म्हणतो लक्ष नाही, इथले म्हणतात घरची भाषा.

या भाषेत मला पहिल्या दिवसापासून ओळखीचे वाटले ते फक्त आकडे. फ्युन्फउंटझेख्त्सिश, पासष्ट, पाच आधी. इंग्रजीतून येणारे इथं फोन नंबर उलटे लिहितात, आपण नाही. बाकी सगळी भाषा परकी आणि एवढाच कोपरा सोलापूरच्या नव्या पेठेतला. तेलुगू घरातल्या त्या मुलीला मात्र तो कोपराही मिळणार नाही. तिला इथं आणून बसवली तर ती पुन्हा ७४च लिहील.