कार्ड कुणाच्या हातात? अनघाताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

अनघाताई, तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यात घोळत राहिली. माझा लेख होता ऑस्ट्रेलियातल्या केप यॉर्कच्या आदिवासी गावांवर: घरच्यांनी जबाबदारी पाळली नाही, तर त्यांच्या सरकारी भत्त्यातला मोठा भाग रोख न मिळता गरजेच्या वस्तूंपुरत्या कार्डावर जमा होतो. त्याखाली तुम्ही लिहिलंत, "गरिबाने पैसा कुठे खर्चायचा हे सरकारने ठरवायचं आणि तुम्ही त्याला गावाने केलेली सुधारणा म्हणता? उद्या लाडक्या बहिणीच्या दीड हजाराला अशी अट घातली तर कौतुक कराल का?"

नाही करणार. तरी वाद आहेच.

आधी तुमचं बरोबर कुठे आहे ते. केप यॉर्क ज्या राज्यात येतं त्या क्वीन्सलंडमध्ये 1897 च्या कायद्यानंतर कित्येक दशकं आदिवासींची मजुरी सरकारी 'संरक्षका'च्या ताब्यात जायची. माणूस गुरांमागे राबायचा आणि स्वतःच्याच पैशांसाठी साहेबापुढे उभा राहायचा. त्या बुडवलेल्या मजुरीपोटी 2019 मध्ये राज्य सरकारने 19 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. दाव्यात पुढे असलेले हान्स पीअर्सन होप वेलचे, म्हणजे 2008 मध्ये ही सुधारणा जिथे सुरू झाली त्या चार गावांपैकीच एकाचे. ज्याच्या आजोबांची कमाई साहेबाने ठेवून घेतली, त्याला असलं कार्ड हातात घेताना काय वाटेल? हे माझ्या लेखात यायला हवं होतं. राहिलं, चूक माझी.

आणि कार्ड बोचतंच. केर्न्सच्या सुपरमार्केटात एकदा माझ्यापुढे एक बाई होती, हातात भत्त्याचं तेव्हाचं ते पोपटी बेसिक्सकार्ड. शिल्लक किती हे कार्डावर दिसत नाही. मशीनने नकार दिला. तिने बिस्किटं बाजूला काढली, मग सॉसेजचं पाकीट. मागे रांग. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

पण "सरकारने ठरवायचं" हे इथे पुरतं लागू होत नाही. तसं झालं ते 2007 मध्ये, शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात. केंद्र सरकारने सैन्य पाठवलं, वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवला आणि 73 आदिवासी वस्त्यांत सरसकट अर्धा भत्ता अडकवला, आयुष्यात दारूला न शिवलेल्या आजीचासुद्धा. केप यॉर्कच्या ऑरुकुन, कोएन, होप वेल आणि मॉसमन गॉर्जमध्ये रीत वेगळी. मूल एका सत्रात तीन दिवस विनाकारण गैरहजर राहिलं, बालसंरक्षण खात्याकडे तक्रार गेली, कोर्टात शिक्षा झाली किंवा भाडेकरार मोडला, तर घरच्या मोठ्यांना फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज कमिशनपुढे बोलावतात. कायदा राज्याचा, नेमणुकाही राज्याच्याच, हे मान्य. पण समोर बसतात ते गावातलेच जाणते. ऑरुकुनमध्ये बोलणं विक-मुंकन भाषेतही होतं. पोरगं सकाळी का उठत नाही, रात्री त्या घरात कोण कोण येऊन राहतं, हे त्यांना फायलीत शोधावं लागत नाही. आधी समुपदेशन, दारू सोडवायला मदत. कार्ड नंतर, तेही ठरावीक मुदतीपुरतं, भत्त्याच्या 60, 75 किंवा 90 टक्क्यांवर.

आणखी एक, तुम्हाला पटायला जड जाईल. काही जण स्वतःहून जाऊन कार्ड मागतात. भत्त्याच्या दिवशी भाऊबंद दारात हजर: दे की थोडे. नात्यात नाही म्हणता येत नाही. या तगाद्याला तिकडे 'हंबग' म्हणतात. कार्डावरचे पैसे काढून देताच येत नाहीत, मग वाईटपणा कार्डाच्या माथी.

उपयोग काय झाला, असंही विचारलंत. ऑरुकुनच्या शाळेत 2008 च्या सुरुवातीला हजेरी निम्म्याहून कमी होती, चारेक वर्षांत ती 70 टक्क्यांच्या आसपास गेली. पण त्याच काळात मुलांच्या हजेरीमागे लागणारी माणसं नेमली होती, शिकवण्याची पद्धतही बदलली होती. श्रेय कशाचं, हे वेगळं काढणं कठीण. पुढे गाडी घसरलीच. 2016 मध्ये हिंसाचारामुळे शिक्षकांना गावाबाहेर न्यावं लागलं. जबाबदारी घेणं हाही आमचा हक्कच, हे या सुधारणेमागचे आदिवासी नेते नोएल पीअर्सन यांचं म्हणणं मला पटतं. पण गावात रोजगारच नसेल तर ही शिस्त माणसाला नेणार कुठे, याचं उत्तर मला त्यात सापडलेलं नाही.

राहिला दीड हजाराचा प्रश्न. मंत्रालयातून अट आली तर मी तुमच्या बाजूने लिहीन. गावातल्या बायकांनीच बसून ठरवली, तर आधी विचारेन की बैठकीला कोण कोण होतं, आणि कुणाला बोलावलंच नव्हतं.

मजुरीबद्दलचा परिच्छेद आज रात्री मूळ लेखात घालतो. वाचून कळवा.