फेसाचेही पैसे?

बिअरचा पाइंट म्हणजे ५६८ मिली. मग इंग्लंडातल्या पबात काठोकाठ भरला तरच पाइंट होणाऱ्या ग्लासात वर दोन बोटं फेस कसला? धंद्याचा स्वतःचाच दंडक म्हणतो, फेस बसल्यावर निदान ९५ टक्के बिअर हवी. म्हणजे २८ मिलीवर आधीच पाणी सोडा! उरलेली तरी धड मिळते? "जरा भरून द्या" म्हटलं की बारवाला असा बघतो, जणू उधारी मागितली. अहो, काठाखाली पाइंटची रेघ असलेले ग्लास मिळतात की! फेस बसू दे रेघेच्या वर खुशाल. आणि रिअल एल, म्हणजे पिंपातच मुरणारी बिअर, तिचा कास्क (पिंप) उघडला की तीन दिवसांत संपवायचा, बिअरच्या नळ्या दर आठवड्याला धुवायच्या, हे कुणी सांगायचं? पाचव्या दिवशीची आंबट, गढूळ बिअर देणार, वर ऐकवणार, "रिअल एल अशीच असते." व्हिनेगर म्हणून विका ना मग!