आमच्या गाठी आणि जालन्याचे रिकामे डबे

आठवड्यापूर्वीची गोष्ट. सेलूतल्या आमच्या जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, कापसाच्या गाठींचा कंटेनर (आम्ही त्याला डबाच म्हणतो) निघाला. १७० किलोची एकेक गाठ, दोघं हमाल हूक अडकवून लोळवत नेत होते, घामानं बनियन अंगाला चिकटलेलं. ट्रेलर न्हावाशेवा बंदरात पोचला तोवर त्या जहाजाचा माल घ्यायचं गेट बंद झालं होतं. जहाज चुकलं, डबा यार्डात पडला आणि भाडं आमच्या डोक्यावर. गाठी बांधायच्या आमच्या प्रेसच्या भिंतीपलीकडून रेल्वेलाईन जाते, तरी माल रस्त्यानं न्यावा लागतो, हे जास्त मनाला लागतं.

मराठवाड्याचा माल रेल्वेनं बंदरापर्यंत कसा जाईल, याचा सगळ्या जिल्ह्यांचा मिळून एक अभ्यास व्हावा, या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. ‘अहवाल कशाला, रूळ टाका’ म्हणणाऱ्यांचा संताप कळतो. पण रूळ मंजूर झालेत. जालना-जळगाव १७४ किलोमीटर २०२४ मध्ये, संभाजीनगर-परभणी दुहेरीकरण १७७ किलोमीटर २०२५ मध्ये. त्यांवर माल कुणाचा, कुठून आणि कुठल्या महिन्यात चढणार, हे आत्ताच मोजायला हवं.

कारण कंटेनरच्या एका रेकला (अख्ख्या मालगाडीला) ४५ वाघिणी (वॅगन), म्हणजे वीस फुटी ९० डबे. एकट्या सेलूला एका दिवसात ते भरणं शक्य नाही. परभणी, नांदेडला जोडून घेतलं तर जमेल. जालन्याच्या स्टीलवाल्यांकडे बंदरातून भंगाराचे डबे भरून येतात आणि कित्येक रिकामे परततात. आम्ही मात्र गाठींसाठी रिकामा डबा थेट न्हावाशेव्याहून मागवतो! दोन्ही फेऱ्यांचं डिझेल फुकट. आता भंगाराचा डबा कापसाला जसाच्या तसा चालत नाही, तळाला तेल आणि गंज असतो, एक डाग पडला तरी गाठ नापास होते. म्हणून धुण्या-दुरुस्तीची सोय जालन्यातच हवी. जालन्याजवळ दरेगावच्या ड्रायपोर्टचं, म्हणजे समुद्रापासून लांब असलेल्या कोरड्या बंदराचं, भूमिपूजन २०१५ मध्ये झालं, तिथंच ती करता येईल. अभ्यासात हेही यावं.

लातूर-उदगीरच्या डाळमिलांना आयात तूर लागते, सोयापेंड इथून बाहेर जाते. म्हणजे येता-जाता दोन्हीकडं माल आहे. शिवाय मनमाडच्या पुढं कसारा घाट, ३७ फुटांमागं १ फूट चढ. परतीच्या जड गाड्यांना मागून ढकलायला बँकर इंजिन लावावं लागतं. खाली कल्याणला लोकलची गर्दी. पालघरला वाढवण बंदर होतंय, तिथं आमची गाडी कोणत्या वाटेनं जाणार, तेही आत्ताच ठरवा.

अभ्यासाला माणसं आली तर आमच्या प्रेसच्या गेल्या तीन हंगामांच्या वह्या उघड्या आहेत. गाठी किती, कुठल्या तारखेला निघाल्या, बंदरात किती दिवस अडकल्या, सगळं लिहून ठेवलंय.