दुरुस्तीची घाई कशाला?

लायपोसक्शननंतर (चरबी शोषून काढायच्या शस्त्रक्रियेनंतर) पोट उंच-सखल दिसलं तर महिन्याभरात पुन्हा शस्त्रक्रिया करून दुरुस्ती करून घ्या, हा तुमच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. सूज पूर्ण उतरायलाच 3 ते 6 महिने जातात, तोवर खरा आकार कळतच नाही. ताप, लाली, जखमेतून पाणी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच डॉक्टर गाठा. माझ्या जाऊबाईंनीही हे करून घेतलं, तेव्हा त्यांच्या बेंबीशेजारी सुपारीएवढी गाठ हाताला लागायची, पलीकडे खळगा. सोलापूरच्या मे महिन्यात शस्त्रक्रियेनंतर पोटावर बांधायचा तो घट्ट पट्टा दिवसभर घालायचा म्हणजे शिक्षाच, घामोळ्यांनी जीव नकोसा! (वर सासूबाईंचे टोमणे.) गाठ हळूहळू विरली. खळगा मात्र तसाच आहे. चरबी जास्त निघाली असेल तर मालिश करून काही होत नाही, तिथं स्वतःचीच चरबी भरावी लागते. त्यासाठी आता पुण्याला दाखवायचं चाललंय.