बुवांचे 4,000 रुपये

रात्रपाळी करून सकाळी घरी आलो, चहा ठेवला आणि फोन उघडला तर ग्वाल्हेरच्या आमच्या गल्लीतल्या दत्तमंदिराच्या ग्रुपवर मेसेज: एक तारखेपासून पेटीवाल्या बुवांचं महिन्याचं 4,000 रुपये मानधन बंद, संध्याकाळची पदं आणि आरती आता स्पीकरवर लागणार, रेकॉर्डिंग एकदम क्लियर आहे. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. एकाने लिहिलं, देवाच्या सेवेचे पैसे कसले घ्यायचे. दुसऱ्याने लिहिलं, तसंही ऐकायला असतात किती, सहा माणसं. मी तिथल्या तिथे लांबलचक उत्तर टाकलं तर नानांची एक ओळ आली, "तुम्हा लंडनवाल्यांचं काय जातंय बोलायला."

मी लंडनला राहत नाही, इंग्लंडातल्याच लिंकनला राहतो, पण ते सोडा. माझ्या डोक्यातून ती सहा माणसं जात नाहीयेत.

कारण इथल्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी इव्हनसाँगला, म्हणजे संध्याकाळच्या गायलेल्या प्रार्थनेला, मी माणसं मोजली होती. आठ. त्यातली दोन पावसातून आत शिरलेली. आणि गाणारे वीसच्या वर. त्या आठांकडे बघून कुणी म्हणालं नाही की आज सीडी लावू. डायरेक्टर ऑफ म्युझिक म्हणजे पगारी माणूस, दिवसभराचं काम आहे ते. शाळेच्या आधी मुलांची तालीम, इव्हनसाँगच्या आधी परत तालीम, कुठल्या दिवशी काय गायचं त्याची यादी, ले क्लर्क म्हणजे मोठ्या गायकांचं वेळापत्रक, आणि मुलं तर सारखी निसटत असतात, तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटला की पोरगा गेलाच, म्हणून खालून सात-आठ वर्षांची नवीन पोरं शोधून, आवाज तपासून, वाचायला शिकवून तयार ठेवायची. वर दगडी आडभिंतीवर विलिस नावाच्या कारागिराने 1898 ला बांधलेला ऑर्गन, तो वाजवणारा वेगळा, त्याला खालच्या डायरेक्टरांचा हात छोट्या स्क्रीनवर दिसतो. इंग्लंडच्या चर्चच्या 1662 च्या प्रार्थनेच्या पुस्तकात बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत वाटून दिलीत, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. आपल्याकडे वारांची पदं असतात ना, तसंच.

एकदा लवकर पोचलो तर तालीम चालू होती. गाता गाता एका मुलाने हात वर केला, खाली घेतला, गाणं थांबलं नाही. मला वाटलं त्याला बाहेर जायचंय. नंतर दुसऱ्याने केला. मग कळलं की चूक झाली की मुलं स्वतःच हात वर करतात, म्हणजे मला कळलंय, तुम्ही थांबू नका. डायरेक्टर नुसती मान हलवून पुढे जात होते. मी तिथे बाकावर बसून बुवांचा हात बघत होतो. आम्ही समेवर चुकलो की बुवा पेटीच्या कडेवर बोटाने टक् करायचे, भाता चालूच, डोळे मिटलेलेच. स्पीकर कुणाला टक् करणार?

हे लोकांना कळत नाही, रोज गाणारा माणूस फक्त ऐकवत नसतो, तो शिकवत असतो, आणि तो बंद पडला की चार वर्षांनी मनात आलं म्हणून परत चालू होत नाही. इंग्लंडने हे करून बघितलंय. 1644 मध्ये पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढायला लावले, कॅथेड्रलमधलं गाणं बंदच पडलं. 1660 ला दुसरा चार्ल्स राजा होऊन परत आला, गाणं परत सुरू करा म्हणाला, तर गाणारी मुलंच नाहीत! खुद्द राजाच्या चॅपलमध्ये वर्षभर वरचा सूर भरायला कॉर्नेट नावाचं फुंकायचं वाद्य आणि बाप्यांचा खोटा आवाज वापरावा लागला. राजाकडे पैसा होता, शिकलेला गळा नव्हता.

ग्रुपवरच्या एका भाच्याने मला गुगल करून उत्तर दिलं, मामा, शेफील्डच्या कॅथेड्रलने 2020 मध्ये आपला क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा संच, बंद केला की. केला. आणि नंतर नवा डायरेक्टर नेमून तो परत उभा करायला लागले, हे त्याने लिहिलं नाही. मीही हे लिहिलं नव्हतं की इथे दिवसा आत जायला तिकीट लागतं, इव्हनसाँग फुकट आहे ते त्या पैशांवरही चालतं. ठीक आहे, आपल्याकडे तिकीट नाही. पण स्पीकरवाल्याला पैसे दिलेच ना? इलेक्ट्रिशियनला दिले ना? सेवा फक्त बुवांनी करायची.

आणि हे ग्वाल्हेर! हद्दूखाँ-हस्सूखाँ हे गवई शिंद्यांच्या दरबाराचा पगार घेऊन गायले म्हणून ग्वाल्हेर गायकी घडली आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमार्फत महाराष्ट्रात पोचली. 1918 ला भातखंड्यांनी माधव संगीत विद्यालय काढलं तेही माधवराव शिंद्यांच्या आधाराने. 2023 ला युनेस्कोने सिटी ऑफ म्युझिक केलं तेव्हा याच ग्रुपवर तीन दिवस फुलं पडत होती, मीही टाकली, ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरलो. त्याच ग्रुपवर आता 4,000 रुपये जड झाले.

मला कुणी म्हणेल, तुला साहेबांचं कौतुक. नाही. मी तिथे मागच्या रांगेत बसतो, प्रसाद घेत नाही, आईला सगळं सांगितलेलं आहे. तिथे मला कुणी काही विचारत नाही, एवढंच. पण त्या इमारतीतला एक माणूस मला फार जवळचा वाटायला लागलाय. विल्यम बर्ड, जुना इंग्रज संगीतकार. 1563 ला तो इथे ऑर्गनिस्ट आणि मुलांचा मास्टर झाला. 1569 ला कमिटीशी वाजलं, पगार रोखला. 1572 ला तो लंडनला राजघराण्याच्या चॅपलमध्ये निघून गेला. आणि तरी 1582 पर्यंत लिंकनवाले त्याला पाव पगार देत राहिले, अट एकच, तिथून आमच्यासाठी गाणी बांधून पाठवत जा. ज्यांच्याशी भांडला त्यांच्यासाठीच दहा वर्षं.

मी गाव सोडून चौदा वर्षं झाली. बुवांकडे सहा वर्षं पेटी शिकलो, दहावीला क्लास लागला म्हणून सोडली, "परीक्षा झाली की येतो" सांगून. गेलो नाही. इथून मी आतापर्यंत काय पाठवलं तर गणपतीची वर्गणी दोनदा आणि मतं. नाना बोलले ते लागलं ते त्यामुळेच.

रविवारी बुवांना फोन केला. म्हटलं मानधनाचं मी बघतो, दर महिन्याला पाठवतो, तुम्ही बसणं सोडू नका. ते त्यावर काही बोललेच नाहीत, त्यांना लिंकनच्या मुलांचं ऐकायचं होतं. कुठल्या पट्टीत गातात रे, काळी चार? मुली पण आहेत का? मी म्हटलं, आहेत, इथल्या कॅथेड्रलांत पूर्वी नसायच्या, 1991 ला सॉल्सबरीने पहिल्यांदा त्यांचा वेगळा क्वायर केला. "बरं केलं," म्हणाले. पट्टी मला सांगता आली नाही. चूक झाली की हात वर करतात हे सांगितलं तर खूप हसले, म्हणाले, "चांगलंय, आमचं बोट वाचलं असतं."

मग विचारलं, "तू वाजवतोस ना अजून?"

मी हो म्हणालो. या घरात पेटी नाहीये.