लिफ्टमधली शू आणि गच्चीवरचे बिबडे

अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये कुत्र्याचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली. एक, "काही करत नाही हो भाऊ तो." दुसरं, "ठराव करा आणि बिल्डिंगमधली कुत्री बंद करा." दोन्ही कुचकामी. माझं म्हणणं एवढंच, की कुत्रा असावा की नसावा यावर भांडूच नका. घाण, आवाज आणि पट्टा या तीन गोष्टींवर मालकाला धरा, आणि धरायचं तर माहिती घेऊन धरा.

बंदीचं आधी सांगतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांनुसार बहुमताचा ठराव असला तरी सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, जादा पैसे लावता येत नाहीत. पार्किंगमध्ये '500 रु. दंड' असा बोर्ड लावतात, त्यालाही या सूचनांत आधार नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये अशी बंदी बेकायदा ठरवली. त्यामुळे ठराव करणारी कमिटी पहिल्याच नोटिशीला तोंडघशी पडते आणि बेफिकीर मालक आणखी शेफारतो.

आता लिफ्ट. कुत्रा मुद्दाम लिफ्टमध्ये करत नाही. मोठ्या कुत्र्याला दिवसातून तीनदा तरी बाहेर न्यावं लागतं. बरेच मालक सकाळी एकदा, रात्री एकदा नेतात. दहा-बारा तास दाबून धरलेलं जनावर बाहेर निघायच्या आनंदात लिफ्टमध्येच सुटतं. पिल्लाचं तर गणितच आहे: जितक्या महिन्यांचं पिल्लू, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते धरू शकतं. तीन महिन्यांचं पिल्लू चार तास, तेही जेमतेम. झोपून उठल्यावर लगेच आणि खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याला न्यायचं, आणि लिफ्टमध्ये कडेवर घ्यायचं. खाली ठेवलं की संपलं.

झालीच शू, तर फिनाईल ओतून काम भागत नाही. फिनाईल वासावर वास चढवतं. मूत्राचा अंश फरशीत तसाच राहतो, दमट हवा लागली की पुन्हा दरवळतो आणि कुत्रा वासावरून त्याच जागी येतो. आधी रद्दी टाकून टिपून घ्या, मग थोड्या पाण्याने पुसा, मग एन्झाइमवालं क्लीनर (शूचा अंश मोडून वास घालवणारं) टाकून दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या. त्याआधी फिनाईल किंवा ब्लीच वापरू नका, एन्झाइम निकामी होतात. मूत्रावर ब्लीच टाकलं तर घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो, बंद लिफ्टमध्ये तर नकोच. व्हिनेगर व्हिट्रिफाइड टाइल्सवर चालतं, पण शहाबादी, कोटा आणि संगमरवर चुनखडीचे दगड आहेत, आम्ल त्यांना खातं. लिफ्टच्या दाराची खाच वेगळी पुसा. तिथे शू साचली की गंज धरतो आणि दार अडखळायला लागतं. नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येतं त्या गावांत वॉचमनने बादल्या ओतून धुवावं ही अपेक्षाच चुकीची आहे. पुसायचं मालकाने.

विष्ठेचं सोपं आहे. कुत्रा बसला की खाली रद्दी सरकवायची, किंवा पिशवी हातावर उलटी घालून उचलायची. घरी शौचालयात टाकून पाणी सोडायचं, पिशवी नाही. ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीत नको. शेणखताचा न्याय इथे लागू नाही, कुत्र्याच्या विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात.

खान्देशचा खरा प्रश्न उन्हाळ्याचा. पारा 45 कडे गेला की डांबरावर कुत्र्याचे पंजे भाजतात. पालथा हात रस्त्यावर सात सेकंद टिकत नसेल तर कुत्र्याला तिथून नेऊ नये. मग मालक काय करतो? पार्किंगच्या सावलीत सोडतो, नाहीतर गच्चीवर. आणि त्याच गच्चीवर बिबडे, पापड, कुरडया वाळत असतात, रात्री लोक अंथरूण टाकतात. बायकांनी पहाटेपासून खपून घातलेल्या वाळवणावरून कुत्रा फिरला, तर कुठल्या तोंडाने म्हणायचं की काही करत नाही तो? उपाय म्हणजे पहाटे सहाच्या आत आणि रात्री आठनंतर फिरवणं. दुपारची सोय बाथरूममध्ये रद्दीच्या ट्रेवर. (इथे हस्की, म्हणजे बर्फाळ प्रदेशातला दाट केसांचा कुत्रा, पाळणाऱ्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.)

गॅलरीत बांधलेला कुत्रा दिवसभर भुंकतो, कारण त्याला रस्ता दिसतो, तहान लागते आणि घरात कोणी नसतं. ग्रिलला तीन फूट हिरवी नेट लावली की निम्मं भुंकणं थांबतं. मालक आतून "गप रे!" ओरडतो तेव्हा कुत्र्याला वाटतं, हाही भुंकतोय. तासन्‌तास आखूड साखळीने बांधणं ही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र 10 ते 50 रुपये. हसावं की रडावं!

पट्टा चार-पाच फुटांचा, साधा. आपोआप लांबणारा पट्टा लिफ्टच्या दारात अडकतो. कुत्रा कोपऱ्यात, माणूस त्याच्या आणि दाराच्या मध्ये. लिफ्टमध्ये आधीच लहान मूल किंवा घाबरणारी आजी असेल तर पुढच्या फेरीला थांबायचं. एवढ्याने काही बिघडत नाही.

चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी कातडीत देतात; रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. मालकाने लसीचं पुस्तक दाखवलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस सोडू नका.

तक्रार करताना तारीख, वेळ, फोटो किंवा आवाजाचं रेकॉर्डिंग ठेवा आणि कमिटीला लेखी द्या, पोच घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवरची आदळआपट पुरावा म्हणून फारशी टिकत नाही. निष्काळजीपणाने कुणाला इजा झाली किंवा तसा धोका दिसत असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि रागाच्या भरात कुणी पिठाच्या गोळ्यात काही कालवायला निघालं असेल, तर कलम 325 वाचून घ्यावं. तिथे शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे.