शिक्क्यांसाठी सोयाबीन मोडू नका

मागच्या रविवारी परतूरहून दाजी आले. चहासुद्धा घेतला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेला भाच्याचा पासपोर्ट पिशवीतून काढला आणि बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटत म्हणाले, "बघा, एकबी शिक्का नाही. म्हणून नाकारलं म्हणं. आता शिक्के आणायला दीड लाख लागतेत म्हणं."

भाच्याला कॅनडातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण स्टडी परमिट, म्हणजे तिथे शिकायची परवानगी, नाकारली गेली. ज्या सल्लागाराने अर्ज भरला तोच आता सांगतोय की ट्रॅव्हल हिस्ट्री, म्हणजे आधी परदेश प्रवास केल्याची नोंद नाही, सिंगापूर-मलेशिया फिरून ये, मग परत टाकू. दाजी भाव वाढेल म्हणून ठेवलेलं सोयाबीन विकायला निघाले होते. मला फार राग आला, म्हणून हे लिहितोय.

अरे, सिंगापूर २०२२ पासून पाहुण्यांच्या पासपोर्टवर शिक्काच मारत नाही, ई-मेलवर ई-पास येतो! मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसाच माफ केलाय. म्हणजे तुमची कागदपत्रं तपासून कुणी विश्वास टाकला, असं त्या शिक्क्यातून सिद्ध होत नाही. आणि आधी प्रवास केला नाही हा फार तर तटस्थ मुद्दा आहे, तो अर्जदाराच्या विरोधात धरता येत नाही, असं कॅनडाच्याच फेडरल कोर्टाने एकाहून जास्त निकालांत म्हटलंय.

मग आम्ही नकाराचं पत्र नीट वाचलं. मुद्दा पैशाचा होता. अर्जाच्या पंधरा दिवस आधी खात्यात आठ लाख आले होते. ते चुलत्याने दिलेले, अगदी खरे, घामाचे. पण चुलत्याचं एक पत्र नाही, त्याच्या खात्याचा उतारा नाही. सातबारा जोडला होता तोही मराठीतला, भाषांतराशिवाय. तिकडच्या माणसाने काय समजायचं?

शिक्क्यांना किंमतच नाही असं मी म्हणत नाही. युरोपचंच घ्या. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम आहे की तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे (युरोपातल्या बऱ्याच देशांत एकाच वेळी चालणारे) मिळवून नियमाने वापरले, तर पुढे दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायची मर्यादा ज्याने पाळली, त्याला पुढे सोपं जातं. तिथे तर १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायला सुरुवात झालीय. म्हणजे कुणी जास्त दिवस राहिला तर पान पुसट होतं म्हणून सुटका नाही.

पण सगळ्यात वाईट गोष्ट दाजींनी जाता जाता सांगितली. सल्लागार पोराला म्हणाला होता, पासपोर्ट हरवला म्हणून तक्रार दे, नवा काढ, आणि 'आधी कधी व्हिसा नाकारला का' या प्रश्नाला 'नाही' लिही. ऐकून माझे हातपाय गार पडले. पोराने कॅनडाच्या अर्जासाठी देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिलेत, ते नव्या पासपोर्टने बदलणार आहेत का? कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड ही माहिती एकमेकांशी पडताळतात. खोटं सापडलं तर कॅनडाची पाच वर्षं बंदी, ब्रिटनची दहा वर्षं, आणि अमेरिकेत तर कायमचं दार बंद होऊ शकतं. एक नकार पुढच्या अर्जात सुधारता येतो. हे नाही सुधारता येत. शिवाय पोलिसांत खोटी तक्रार द्यायची ती वेगळीच.

आपल्याकडं घरातला पहिला पासपोर्ट बऱ्याचदा हजसाठी निघतो, नाहीतर आखातातल्या नोकरीसाठी. शिकायला निघालेल्या पोराच्या पासपोर्टची पानं कोरीच असणार. शेतकऱ्याच्या पोरांना त्या कोरेपणाची लाज वाटायला लावून पैसे काढणं मला सहन होत नाही.

सोयाबीन अजून घरात आहे. चुलत्याने पत्र दिलंय, सोबत तीन वर्षांचे बँकेचे उतारे. सातबाराचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. काल रात्री भाच्याने माझ्यासमोर बसून नवा अर्ज भरला. नकाराच्या प्रश्नाला 'होय' लिहिलं, खाली तारीख आणि कारणही. जालना-परभणीकडच्या कुणाला असाच सल्ला मिळाला असेल, तर पैसे भरायच्या आधी नकाराचं पत्र घेऊन माझ्याकडे या. रविवारी मी घरीच असतो, सोबत बसून वाचू.